भलत्याच बाईच्या पेशी

काका बाई निघाले, हे मला कळलं तेव्हा मी रस्त्याच्या मधोमध होते. अगदी मधोमध, पांढऱ्या पट्ट्यांवर. हातात थर्माकोलचा डबा होता, फोन खांद्याने कानाशी दाबून धरला होता आणि उजवीकडे सिग्नल सुटायची वाट बघत गाड्या गुरगुरत होत्या. फोनवर पेशींची ओळख तपासून देणाऱ्या प्रयोगशाळेतली मुलगी होती. लग्नाचा हॉल त्या तारखेला रिकामा नाही असं सांगावं तितक्या थंडपणे ती बोलत होती.

"मॅडम, तुम्ही लिहिलंय, पुरुष, वय बासष्ट, स्वादुपिंडाचा कॅन्सर."

"हो."

"आमच्याकडे बाई येतेय."

"कोण बाई?"

"तुमच्या ट्यूबमध्ये. पुरुष नाहीच त्यात. आणि स्वादुपिंडही नाही. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी आहेत, सगळ्या लॅबमध्ये असतात बघा, त्या. यादीशी तंतोतंत जुळतायत."

"लेबलची अदलाबदल झाली असेल."

"आम्हालाही तेच वाटलं. म्हणून तुमच्या मॅडमच्या जुन्या साठ्यातली ट्यूब लावली. तीतही त्याच." मग जरा थांबून ती म्हणाली, "रिपोर्ट मेल करू, की घ्यायला कुणी येणार?"

बाईंना उतरवून घ्यायला स्टेशनवर कुणी येणार का, असं विचारल्यासारखं. मी काहीतरी बोलले असेन. सिग्नल सुटला, एका टॅक्सीवाल्याने मान बाहेर काढून "ओ ताई, झोप घरी काढा!" म्हटलं, आणि मी होते तिथून जवळची जागा म्हणून दुभाजकावर चढून उभी राहिले.

हा रस्ता माझ्या शिक्षणाचा मुख्य भाग आहे. एका बाजूला हॉस्पिटल, दुसऱ्या बाजूला संशोधन संस्था. सकाळी मी त्या बाजूला डॉक्टर असते, लोक मला बघून खुर्चीतून उठतात. दुपारी रस्ता ओलांडला की मी विद्यार्थिनी होते आणि बर्फाचं मशीन कुणी उघडं टाकलं यावरून बोलणी खाते. मधल्या पट्ट्यात मी नक्की काय असते ते ट्रॅफिकवाल्यांनाच ठाऊक. नातेवाइकांना हे समजावणं मी केव्हाच सोडून दिलंय. "डॉक्टर झालीस ना? मग अजून शिकतेस कसली?" असं मामा दर भेटीत विचारतो. त्याचा स्वतःचा चालता दवाखाना आहे, आतली एक खोली त्याने माझ्यासाठी रंगवूनही ठेवलीय, पिस्ता रंगात. आई मोटार ड्रायव्हिंग शिकवते. तिच्या गाडीला तिच्या पायाशी वेगळा ब्रेक आहे, आणि मला वाटतं घरीही आहे. ती म्हणाली होती, "अगं, एक पाय ब्रेकवर आणि एक अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवला की गाडी जागच्या जागी बंद पडते. एक काहीतरी कर." मी म्हटलं, आई, पेशंट बघितल्याशिवाय काय शोधायचं ते कळत नाही आणि शोधल्याशिवाय पेशंटला काय सांगायचं ते कळत नाही. ती म्हणाली, "वाक्य छान आहे. जेवलीस का?"

खरं कारण मी तिला कधी सांगितलं नाही, कारण ते जरा लाजिरवाणं आहे. दुसऱ्या वर्षाला असताना सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा कॅन्सरची काच ठेवली, आणि मला ती सुंदर वाटली. जांभळी-गुलाबी, बेशिस्त, सणकी. शेजारच्या निरोगी पेशी सोसायटीच्या मीटिंगला बसल्यासारख्या ओळीने बसलेल्या, आणि ह्या मात्र खुर्च्या उलट्या करून नाचणाऱ्या. मग काचेच्या कडेला नजर गेली. तिथे चिठ्ठीवर वय होतं, माझ्याएवढंच. तेव्हापासून आजवर तेच चालू आहे. सुंदर वाटलं म्हणून शरम, आणि शरम वाटली तरी नजर निघत नाही. वॉर्डात उभी राहिले की तो नाच आठवतो आणि लॅबमध्ये बसले की ते वय. बहुधा त्यामुळेच मी रोज रस्ता ओलांडते.

तर काका. कुठल्याशा गावात, कुठल्याशा काळी, बासष्ट वर्षांच्या एका माणसाच्या स्वादुपिंडातली गाठ काढली, आणि तिच्या पेशी तेव्हापासून बाटल्यांत वाढतायत, असं मला सांगण्यात आलं होतं. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी त्या त्यांच्या सरांकडून आणल्या, सरांनी त्यांच्या मित्राकडून. आमच्याकडे पेशी अशाच फिरतात, विरजणासारख्या. शेजारणीकडून वाटीभर विरजण आणताना, हे नक्की कुठल्या म्हशीचं, असं कुणी विचारतं का? विचारलं तर पुढच्या वेळी दार उघडत नाहीत. मी त्यांचं नाव काका ठेवलं. गुलाबी द्रव हे त्यांचं जेवण. ते बदलताना मी रोज विचारायचे, "काका, जेवलात का?" दोन वर्षांत मी त्यांना स्वभाव दिला, टोपी दिली, खिडकी उघडी की बंद यावरून भांडायची सवय दिली. आणि या सगळ्या काळात मी एका बाईला काका म्हणत होते आणि तिने एकदाही हरकत घेतली नाही.

हे कसं झालं असेल ते आता मला स्पष्ट दिसत होतं. फार पूर्वी कुणीतरी एकाच वेळी दोन बाटल्या उघड्या ठेवल्या असतील. नळी तीच. एक थेंब. त्या बाईच्या पेशी जगात सगळ्यात दांडग्या. चार दिवस राहायला आलेला पाहुणा हळूहळू घरमालकालाच विचारू लागतो की आपण कोण, तसं झालं असेल. काका गेले, आणि त्यांच्या नावाची पाटी तेवढी दारावर राहिली. पण दुभाजकावर उभी असताना मला सगळ्यात जास्त काय खुपत होतं म्हणाल, तर ते वेगळंच होतं. स्वादुपिंडाच्या पेशी वाढवणं म्हणजे महाकर्म. रुसतात, सुकतात, मरतात. माझ्या मात्र तरारून वाढायच्या. मॅडम चारचौघांत म्हणाल्या होत्या, "हिच्या हाताला गुण आहे." मी ते आईला सांगितलं, आईने ते शिकाऊ ड्रायव्हरांना सांगितलं, आणि तेव्हापासून मी माझ्या उजव्या हाताकडे जरा वेगळ्या नजरेने बघत होते. आता तो डबा धरून लोंबकळत होता. अगदी साधा हात होता.

आणि गोळी. त्वचेच्या एका जुन्या आजारावरची स्वस्तातली गोळी होती, ती माझ्या काकांना पटापट मारत होती. उंदरांमध्येही मारत होती. उंदरांच्या अंगात आम्ही काकाच घातले होते, म्हणजे उंदरांनाही फसवलं. निबंध लिहून तयार होता, छापणाऱ्यांनी केवळ रीत म्हणून पेशींच्या ओळखीचा दाखला मागितला होता. त्याच आठवड्यात माणसांवर चाचणी करण्याची परवानगी समितीपुढे जाणार होती. आणि सहाव्या वॉर्डात पीटीचे सर वाट बघत होते.

पीटीचे सर म्हणजे निवृत्त शाळामास्तर, गळ्यात अजून शिट्टी. त्यांच्या स्वादुपिंडात गाठ होती, काढता येईल न येईल अशा कडेवरची. आधी केमोच्या औषधाचं सलाईन देऊन ती आक्रसवायची आणि मग ऑपरेशन, असं ठरलं होतं. दोन सलाईन झाली. सलाईनने त्यांना उलट्या व्हायच्या, तोंड सोलवटायचं. त्या दिवशी सकाळी त्यांनी हात मागे घेतला होता.

"नको ते. तुझी गोळी येतेय ना."

"सर, तिला अजून परवानगी नाही."

"येईल की. तू केलीयेस ना? मग मी थांबतो. मी उभ्या आयुष्यात मुलांना एकच शिकवलं, शिट्टीआधी पळायचं नाही."

मला ते ऐकून छान वाटलं होतं. मी त्यांना रागवायला हवं होतं. पण कुणीतरी माझ्या गोळीसाठी थांबलंय या कल्पनेने मी जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत आले होते.

आता काय? दुभाजकावर माणसाला विचार फार स्वच्छ सुचतात, दोन्हीकडून मरण जात असतं. गप्प बसता येईल. तो रिपोर्ट उघडायचाच नाही. दुसरीकडून दाखला मिळवणारे लोक असतात म्हणे. पदवी घ्यायची आणि पिस्ता रंगाच्या खोलीत जाऊन बसायचं. तिथे सर्दी ही सर्दीच असते, ती आतून दुसऱ्याच कुणाची निघत नाही. गोळी चाचणीत हळूहळू नापास होईल, गोळ्या होतातच. मधल्या काळात पीटीचे सर शिट्टीची वाट बघत बसतील आणि गाठ तेवढ्यात कडेच्या पलीकडे जाईल. मी डब्याचं झाकण उघडलं. सकाळी हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना दाखवायला नेलेली बाटली बर्फात आडवी पडली होती, तळाशी पेशींचा धुरकट थर. "तुम्ही कोण?" मी विचारलं, बहुधा मोठ्याने, कारण ट्रॅफिक पोलीस माझ्याकडे येत होता.

"काय आहे डब्यात?"

"काका," मी म्हणाले. मग खोटं नको म्हणून सुधारलं, "म्हणजे, एक बाई."

त्याने डब्यात डोकावलं, माझ्याकडे बघितलं. अशा नोकरीत माणूस कशाला नवल करायचं ते निवडून घेत असणार. "बरं," तो म्हणाला. "इथे थांबता येत नाही. कुठल्या बाजूला जायचंय?"

एवढा साधा प्रश्न मला कित्येक महिन्यांत कुणी विचारला नव्हता. मी संस्थेकडे बोट दाखवलं. त्याने हात वर करून अख्खी वाहतूक थांबवली आणि मी त्या बाईंना घेऊन पलीकडे गेले.

मॅडम निबंधातले स्वल्पविराम काढत होत्या. टेबलाखाली चपला सोडून बसायची त्यांची सवय. त्यांच्या मागच्या भिंतीवर चौकटीत सूक्ष्मदर्शकातून काढलेला एक फोटो आहे, त्यांच्या प्रबंधातला: काकांचा तरुणपणचा फोटो.

"मॅडम, काका बाई निघाले."

"कुणाचे काका?"

"आपले."

मग मी सगळं सांगितलं. त्यांनी टोपण पेनाला लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळून पंख्याकडे बघत होते, तर पंखा बंद होता. मॅडम उठल्या, चौकट भिंतीवरून उतरवून खिडकीशी नेली आणि उजेडात धरली, आपल्याच लग्नाच्या फोटोत एखादा अनोळखी माणूस दिसावा तशी.

"आमच्या वेळी लॅबमध्ये कुणाच्याच जगायच्या नाहीत," त्या म्हणाल्या. "माझ्या जगायच्या. सर म्हणाले, तुझ्या हाताला गुण आहे. मी काय म्हणणार होते? सर, शंका येते, तपासून बघा?" चौकटीवरची धूळ त्यांनी पदराने पुसली. "कधीतरी वाटायचं गं, फारच लवकर वाढतात. पण चांगलं चाललेलं असलं की कोण तपासतं."

मला खोटं काहीतरी सुचायला हवं होतं, दिलासा वगैरे. सुचलं ते वेगळंच. ज्या एका वाक्यावर त्यांची सगळी हयात उभी होती त्याच वाक्यावर माझी दोन वर्षं उभी होती. त्यांना ते त्यांच्या सरांनी दिलं होतं, मला त्यांनी. तेही विरजणच.

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"तुम्ही, मी, फोनवरची मुलगी. आणि एक ट्रॅफिक पोलीस."

"ट्रॅफिक पोलीस?"

"त्याला पूर्ण कळलेलं नाही."

त्यांनी चौकट टेबलावर पालथी ठेवली. आता त्या म्हणतील, समितीची बैठक होऊन जाऊ दे, मग बघू. आणि मी हो म्हणेन, असं मला वाटलं. मी हो म्हणायच्या तयारीतच होते, हे मला माझ्या मानेवरून कळत होतं, ती आपोआप हलू लागली होती. ती थांबवायची तर तोंड उघडणं भाग होतं.

"मॅडम, पीटीच्या सरांनी सलाईन नाकारलंय. आपली गोळी येणार म्हणून."

"कधी?"

"आज सकाळी."

मॅडम पायाने टेबलाखाली चपला चाचपू लागल्या. एक सापडेना. शेवटी त्या वाकल्या, चक्क गुडघ्यांवर बसल्या, आणि टेबलाखालूनच म्हणाल्या, "चल."

या दोन वर्षांत त्यांना रस्ता ओलांडताना मी पाहिलं नव्हतं. त्या सिग्नलकडे बघत नाहीत. माझं कोपर घट्ट धरून, नजर समोरच्या हॉस्पिटलवर ठेवून त्या सरळ चालत गेल्या आणि गाड्या त्यांच्या भोवती चिडून वळत राहिल्या.

सर पलंगावर ताठ बसून शेजारच्या पेशंटला श्वास कसा घ्यायचा ते शिकवत होते. मॅडमनी सुरुवात केली. प्राथमिक निष्कर्ष, पुनर्विचार, अनपेक्षित आढळ. सरांनी हात वर केला.

"मॅडम, सरळ सांगा. कोण मेलं?"

"कुणी नाही," मी म्हणाले. "सर, ती गोळी तुमच्या आजारावर चालते असं आता म्हणता येत नाही. आम्ही ज्याच्यावर करून बघितली तो स्वादुपिंडाचा कॅन्सर नव्हताच."

"मग कोण होतं?"

"एक बाई. आम्हाला वाटत होतं पुरुष आहे."

सरांनी माझ्याकडे बघितलं, मॅडमकडे बघितलं, आणि हसायला लागले. हसताना त्यांना दुखत होतं, त्यांनी पोटावर उशी दाबून धरली तरी हसत राहिले, शेजारचा पेशंटही कारण माहीत नसताना हसू लागला. मग ते एकदम थांबले.

"हसलो म्हणजे राग आला नाही असं समजू नका."

"नाही सर."

"मी थांबलो असतो. तुझ्यासाठी थांबलो असतो मी, कळतंय का तुला?"

"म्हणून आम्ही धावत आलो."

"धावत?" त्यांनी मॅडमना पायापासून डोक्यापर्यंत तपासलं. "यांना तर एवढ्यात धाप लागलीय. रोज चालत जा, मॅडम. हे काही बरं नाही." मग ते बराच वेळ भिंतीकडे तोंड करून बसले. नर्स आत येऊन बाहेर गेली. भिंतीकडे बघतच त्यांनी हात लांबवला. "लावा ते सलाईन. उलटीचं भांडं मात्र मोठं द्या, हे वाटीएवढं काय दिलंय."

मी शीर शोधत होते तेव्हा ते हळूच म्हणाले, "ए डॉक्टर, आता तुला खराखुरा माणूस लागेल ना? पुरुष? स्वादुपिंडवाला?"

"सर, ऑपरेशन झालं तर गाठीचा एक छोटासा तुकडा..."

"पूर्ण घे. मला काय तिचं लोणचं घालायचंय?"

निबंध मागे घेतला. समितीपुढचा अर्जही. मॅडमनी त्यांच्याकडून पेशी नेलेल्या सगळ्यांना कळवलं. काहींनी आभार मानले, काहींनी फोन उचलणं बंद केलं, एकाने कळवलं की आमच्याकडच्या मात्र अस्सल आहेत, आम्ही तपासणार नाही. माझी पदवी लांबली. मामाने पिस्ता खोलीत एक दंतवैद्य बसवला. आईला सांगताना मला रडू आलं, ती तेव्हा शिकवणीवर होती, मागून हॉर्न ऐकू येत होते. "चुकीच्या रस्त्याला लागलीस, एवढंच ना?" ती म्हणाली. "मग पुढे दामटायची नाही, पहिल्या वळणावर फिरवायची. लोक हॉर्न वाजवतात, वाजवू देत. तू नाही, मी याला सांगत होते. पण तुलाही लागू आहे."

गाठ आक्रसली. फार नाही, पण सर्जनला आत शिरायला जागा झाली इतपत. ऑपरेशनच्या दिवशी मला नखाएवढा तुकडा मिळाला आणि मी तो घेऊन रस्ता असा ओलांडला की मॅडमची आठवण यावी. पहिल्या बाटल्या सगळ्या मेल्या. पुढच्यांना बुरशी लागली. त्यानंतरच्यांत गाठीऐवजी तिच्या आजूबाजूच्या साध्या पेशी वाढल्या, वरातीत नवरदेव सोडून सगळे आल्यासारख्या. मी रोज बघायचे आणि रोज काही नसायचं, आणि मला नवल वाटायचं की मी घाबरत का नाही. पूर्वी वाढायच्या तेव्हा आत कुठेतरी धाकधूक असायची, कुणीतरी खांद्यावर हात ठेवील अशी. आता हात साधा होता आणि पेशी रुसलेल्या, सगळं शास्त्राप्रमाणे चाललं होतं. मग एका बाटलीच्या कोपऱ्यात बेटासारखं काहीतरी चिकटलं. त्याच्यावर एकही प्रयोग करण्याआधी मी त्यातलं चिमूटभर आणि सरांचं रक्त ओळख तपासायला पाठवलं. जुळलं. माणूस तोच.

सर तपासणीला आले होते. वजन उतरलेलं, पँट पट्ट्याने गोळा केलेली. अजून काय होईल ते कुणालाच माहीत नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नाही. "बघायचंय," एवढंच म्हणाले, आणि आधार न घेता रस्ता ओलांडून आले. लॅबमध्ये मॅडमनी स्वतः खुर्ची ओढली. सर सूक्ष्मदर्शकावर वाकले. आधी एक डोळा लावला, मग दुसरा.

"हे मी?"

"हो सर. नक्की."

"यांना कुणी शिस्त लावली नाही?"

"सर, कॅन्सर आहे तो."

"तरीही." ते उठून उभे राहिले, पाठ सरळ केली, दोन्ही हात मांड्यांना चिकटवले आणि छपराला लागेल अशा आवाजात ओरडले, "साऽवधान!"

लॅब ताठ झाली. मॅडम एका पायात चपल घालून ताठ झाल्या. माझ्याही टाचा जुळल्या. सर पुन्हा वाकून भिंगात बघू लागले.

"ऐकत नाहीत," ते म्हणाले. "ठीक आहे. मग कशाला भितात ते शोध."

"सोमवारपासून सुरू करतेय, सर. आधी सगळी तयारी करून..."

"सोमवार कशाला?" ते खुर्चीत बसले आणि पट्टा एक भोक घट्ट केला. "मी बसलोय ना."

मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. मी हातमोजे चढवले आणि पहिली बाटली उघडली, एका वेळी एकच.